सुटा चहा कसा घ्यायचा: दुधाचा वेगळा, कोरा वेगळा

चहाच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कडक हवा की फ्लेवर?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं, "दोन्ही". मग दुकानदार दोन-तीन डब्यांतून थोडं थोडं काढतो, मिक्स करून पुडी बांधून देतो, आपण घरी येऊन नेहमीच्या पातेल्यात नेहमीसारखा उकळतो आणि म्हणतो, महाग घेतला पण काही खास फरक नाही बुवा. नसणारच. कारण कडक आणि फ्लेवर हे दोन वेगळे चहा आहेत, दोन वेगळ्या पद्धतीने बनतात आणि दोन वेगळ्या पद्धतीनेच करायला लागतात. म्हणून दुकानात जायच्या आधी एवढंच ठरवा की हा चहा दुधात उकळायचाय की कोरा प्यायचाय, बाकीचं निम्मं काम तिथेच होतं.

दुधाचा असेल तर डोळे झाकून सीटीसी. सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल, दाते असलेल्या रोलरमधून पान चिरडून फाडून त्याचे बारीक गोल दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली आणि आज आपल्याकडे बनणारा बहुतेक चहा असाच बनतो. मुंबईच्या दुकानांत याला ममरी पण म्हणतात. पान इतकं फाटलेलं असल्यामुळे रंग आणि तुरटपणा झटकन सुटतो, आणि दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्या तुरटपणाला धरून बसतं म्हणून तो जिभेला टोचत नाही. आलं, वेलची, साखर, सगळ्यांना पुरून उरेल असा दम त्याच चहात असतो. पितळी पातेलं, ठेचलेलं आलं-वेलची, फडक्यातून गाळलेला तो अमृततुल्यचा चहा पानाच्या चहाचा करून बघा, नुसतं गोड दूध लागेल.

कोरा प्यायचा असेल तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे आपण ज्याला पानाचा चहा म्हणतो तो. यात पान सुकवून मऊ करतात, मग नुसतं वळतात, चिरडत नाहीत, म्हणून वास पानातच राहतो आणि हळूहळू सुटतो. हा वास उडून जाणारा असतो. तुम्ही पातेलं खळखळ उकळलंत की तो किचनभर पसरतो, कपात उरतो फक्त तुरटपणा. आठशे-हजाराचा दार्जिलिंग आणून त्यात आलं आणि गवती चहा टाकून दुधात उकळणारी मंडळी प्रत्येक घरात असतात, त्यांना बोलून उपयोग नाही, त्यांच्यासाठी वेगळी ममरी आणून ठेवा. (गवती चहा ममरीत मात्र झकास लागतो, पावसात तर हवाच.)

आता दुकानात काय बघायचं. दुकानदाराला सांगा चमचाभर चहा पांढऱ्या कागदावर टाका, कोणीही नाही म्हणत नाही. सीटीसी असेल तर दाणे साधारण एका मापाचे, कडक, काळपट तपकिरी हवेत. मध्ये मध्ये लालसर काड्या आणि धागे दिसले तर ते देठ आणि रेषा आहेत, थोडे चालतात, जास्त असतील तर तो स्वस्तातला माल. कागद तिरका करून दाणे घरंगळू द्या, मागे पिठासारखा थर राहिला तर डस्ट मिसळलेली आहे. डस्ट म्हणजे वाईट असं नाही हां, टपरीवाले मुद्दाम घेतात कारण लवकर रंग सोडते आणि कमी चहात जास्त कप निघतात, पण मग तिचा भाव दाण्याचा लावू नका म्हणावं. पानाच्या चहात उलटं, पानं लांब, नीट वळलेली, कमी तुटलेली हवीत, आणि मध्ये सोनेरी किंवा रुपेरी टोकं दिसली तर त्या कळ्या आहेत.

मग वास. नुसतं डब्यात नाक घालून काही कळत नाही कारण दुकानातच सगळीकडे चहाचा वास असतो. चिमूटभर चहा मुठीत घ्या, मुठीत गरम श्वास सोडा, लगेच हुंगा. ताजा असेल तर गोडसर, भाजल्यासारखा किंवा फुलासारखा काहीतरी वास येतो. जुना असेल तर पोत्याचा नाहीतर जुन्या वहीचा वास येतो आणि तो एकदा ओळखता आला की परत फसत नाही माणूस.

रंग लावलेला चहा वाटला तर घरी बघता येतं, एफएसएसएआयनेच, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनेच सांगितलेली सोपी टेस्ट आहे. फिल्टर पेपरवर चहा पसरायचा, थोडं पाणी शिंपडायचं, चहा काढून कागद पाण्याखाली धुवायचा आणि उजेडात धरायचा. चांगल्या चहाचा डाग राहत नाही, रंग चढवलेला असेल तर कागदावर डाग बसतो. आणि चहावरून लोहचुंबक फिरवला की लोखंडाचा कीस असेल तर तोही चिकटून वर येतो.

ग्रेडच्या अक्षरांनी घाबरू नका. पुडीवर एफटीजीएफओपी असं मालगाडीएवढं लांब काहीतरी लिहिलेलं असतं, ते सगळं पान केवढं आहे, अख्खं आहे की तुटकं आणि कळ्या किती याबद्दल आहे, चवीबद्दल नाही. अख्खं पान, मग ब्रोकन म्हणजे तुटकं, बीओपी वगैरे, मग फॅनिंग्ज, मग डस्ट, असा तो उतरता क्रम. जितकं बारीक तितकं लवकर उतरतं आणि कडक होतं. चांगल्या मळ्याचा ब्रोकन हा भिकार मळ्याच्या अख्ख्या पानापेक्षा कधीही चांगला, आणि स्वस्तही.

खरी विचारायची गोष्ट म्हणजे मळा कुठला, तोडणी कधीची आणि पॅक कधी झाला. दार्जिलिंगमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथली पहिली तोडणी, फर्स्ट फ्लश, फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चालते, तो चहा हिरवट, हलका, फुलांच्या वासाचा, कपात रंग जवळपास लिंबू सरबताचा. दुसरी तोडणी मे-जूनची, ती जास्त भरीव, रंगाने तांबूस आणि तिच्यात तो मस्कॅटेल म्हणतात तसला पिकल्या द्राक्षासारखा वास. गंमत म्हणजे तो वास काही अंशी किड्यांमुळे येतो, बारीक हिरवे तुडतुडे पानाचा रस शोषतात आणि झाड स्वतःला वाचवायला जी द्रव्यं तयार करतं त्यातून तो वास. मग पावसाळी तोडणी येते, ती बहुतेक ब्लेंडमध्ये जाते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला ऑटम फ्लश, जो मला वाटतं नव्या माणसाने पहिला घ्यावा, किंमत बरी असते आणि चव ओळखीची लागते.

फर्स्ट फ्लश फार टिकत नाही, तो मुळातच हलका केलेला असतो. दिवाळीत कोणी डिस्काउंटमध्ये फर्स्ट फ्लश विकत असेल तर तो सहा-सात महिने जुना आहे एवढं लक्षात ठेवून भाव ठरवा. पुडीवर डीजे १, डीजे १२ असे आकडे दिसले तर तो त्या मळ्याचा त्या वर्षातला लॉट नंबर असतो, जितका छोटा तितका सीझनच्या सुरुवातीचा.

आणि दार्जिलिंग नावावर जाऊ नका. भारतात पहिला जीआय टॅग (म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं अशी नोंदणी) मिळाला तो दार्जिलिंग चहाला, २००४ मध्ये, आणि ८७ मळ्यांचा चहाच त्या नावाने विकता येतो. पुडीवर टी बोर्डाचा गोल लोगो असतो, बाईचा बाजूने दिसणारा चेहरा आणि हातात चहाची पानं. नेपाळचा चहा दार्जिलिंग म्हणून खपवला जातो ही तिथल्या मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. नेपाळचा इलामकडचा चहा स्वतः चांगलाच असतो, त्याच्याच नावाने घेतला तर कमी पैशात छान सौदा आहे, पण दार्जिलिंगचे पैसे देऊन कशाला घ्यायचा. सुट्या डब्यावर मार्करने "दार्जिलिंग स्पेशल" लिहिलंय एवढा पुरावा पुरत नाही.

कोरा चहा म्हणजे फक्त दार्जिलिंग असंही नाही. आसाम ऑर्थोडॉक्सचा सेकंड फ्लश घ्या, मे-जूनचा, दाट, किंचित माल्टसारखा गोडसर, ज्याला कडक सोडवत नाही त्याच्यासाठी हाच, आणि यात चमचाभर दूध वरून घातलं तरी चालतं. निलगिरीचा चहा, कुन्नूर-कोटागिरीकडचा, मला वाटतं आपल्याकडे उगाच मागे पडलाय, वास छान, किंमत दार्जिलिंगपेक्षा बरीच कमी आणि थंड केला तरी गढूळ होत नाही म्हणून आइस टीला एक नंबर. हिमाचलचा कांगडा मिळाला तर घेऊन बघा, हलका आहे.

उटी, मुन्नार, दार्जिलिंगला ट्रिपला गेल्यावर रस्त्यावरच्या दुकानात ढीग लावून ठेवलेला "गार्डन फ्रेश" चहा असतो, चॉकलेट चहा, वेलची चहा, केशर चहा, समोर कपात चाखायलाही देतात आणि तो चांगलाच लागतो कारण त्यात साखर असते. वरून सेंट मारलेला चहा असेल तर खालचं पान कसं आहे ते कळायला मार्गच नसतो. तिथे जाऊन घ्यायचाच तर फॅक्टरीच्या आउटलेटमधून मळ्याचं नाव आणि पॅकिंगची तारीख असलेलं सीलबंद पाकीट घ्या, आणि साधा घ्या.

किती घ्यायचा? पानाचा चहा ५० किंवा १०० ग्रॅम, बस. किलोने स्वस्त पडतो हे ममरीला ठीक, चार माणसांच्या घरात ती संपते. किंमत किलोवर नका मोजू, कपावर मोजा. १०० ग्रॅम ६०० रुपयांना मिळाला असं धरा, एका कपाला अडीच ग्रॅम लागतो, म्हणजे ४० कप, कपाला १५ रुपये. त्याच पानावर दुसऱ्यांदा पाणी ओतता येतं, मग साडेसातच. हल्ली कटिंगलाही एवढे लागतात.

ठेवायचं कसं: हवा, उजेड, ओल आणि वास, या चौघांपासून लांब. काचेची बरणी दिसायला छान पण ओट्यावर उजेडात ठेवली तर चहा मरतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि मसाल्याच्या फळीवर ठेवू नका, हिंगाशेजारी आठवडाभर राहिलेला दार्जिलिंग कोणालाच नको असतो. फ्रिजमध्येही नको, डबा बाहेर काढला की आत दव धरतं. कोकणात नाहीतर मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या पाकिटातून रोज काढू नका, आठवड्यापुरता छोट्या डबीत काढून मोठं पाकीट क्लिप लावून बंद ठेवा.

करायची पद्धत सोपी आहे, महागड्या किटलीची गरज नाही, पातेलं, झाकण आणि गाळणी पुरते. ते साखळीला लटकणारे छोटे जाळीचे बॉल मात्र घेऊ नका, पान फुलायला जागाच नसते त्यात. पाणी ताजं घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर चहा काळपट आणि चपटा होतो, वर तवंग येतो, अशा ठिकाणी फिल्टरचं पाणी वापरा. एका कपाला, म्हणजे साधारण १५० ते २०० मिली पाण्याला, अडीच ग्रॅम चहा. वजनकाटा असेल तर वापराच कारण लांब पानाचा चमचा हलका भरतो आणि बारीक पानाचा जड.

आधण आलं की गॅस बंद. आसाम असेल तर लगेच चहा टाका, झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांनी गाळा. सेकंड फ्लश दार्जिलिंग आणि निलगिरीला मिनिटभर थांबून तीन मिनिटं. फर्स्ट फ्लशला पाणी दोनेक मिनिटं निवू द्या आणि अडीच-तीन मिनिटांत गाळा. ग्रीन टीला अजून थंड, पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात तेवढंच गरम, दोन मिनिटं. आणि गाळताना सगळा गाळा, पानं पाण्यात तशीच ठेवून गप्पा मारत बसलात तर दुसरा कप काढ्यासारखा लागणार. कडक हवा असेल तर पान वाढवा, वेळ वाढवू नका.

पहिले दोन-तीन घोट साखरेशिवाय घ्या. नाही जमलं तर घाला थोडी, पोलीस येत नाहीत. सोबत खायला काय हाही प्रश्न आहे, खारी-बटर ममरीसोबतच, तिखट चिवडा घेतलात तर फर्स्ट फ्लशची चव गायब, साधी नानकटाई किंवा मारी बिस्कीट बरं.

दुसऱ्या वेळी त्याच पानावर पाणी ओताल तेव्हा मिनिटभर जास्त ठेवा. उन्हाळ्यात तर गरम करायचीही गरज नाही, लिटरभर गार पाण्यात आठ-दहा ग्रॅम निलगिरी टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, अजिबात तुरट होत नाही आणि लिंबू पिळलं की झालं. उरलेला चोथा कुंडीत टाकणार असाल तर कोऱ्या चहाचाच टाका, दूध-साखरेच्या चोथ्याला मुंग्या लागतात.