जुनी पेडल स्टील घेऊन नाचाच्या हॉलमध्ये बसायचं असेल तर

गेल्या महिन्यात ह्यूस्टनहून एका मुलाचा फोन आला. गणपतीत ओळख झालेली. "मावशी, पन्नास वर्षांची शो-बड घेतलीय. घरी सुरेख वाजते. पण परवा पहिल्यांदा बँडबरोबर बसलो आणि दुसऱ्या गाण्यातच सगळं कणसूर. परत करू का?" शो-बड ही पेडल स्टील बनवणारी कंपनी. पेडल स्टील म्हणजे पायांवर आडवी उभी केलेली गिटार, पोलादी रॉडने वाजवायची आणि पेडलांनी तारांचे स्वर बदलायचे. मी म्हटलं, अजिबात नको. मग तासभर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

मी मूळची गिरगावची. बाबा गणेशोत्सवात चाळीतल्या मंडपात हवाईयन गिटारवर सिनेमातली गाणी वाजवायचे. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांच्या तबकड्या ऐकून ऐकून शिकलेले. मांडीवर गिटार, डाव्या हातात पोलादी रॉड. टेक्सासला आल्यावर पहिल्याच महिन्यात कुणीतरी आम्हाला नाच बघायला घेऊन गेलं. तिथे तोच आवाज कानावर आला आणि मी जागच्या जागी थांबले. फरक एकच होता. इथे एक स्वर स्थिर राहत होता आणि त्याच वेळी दुसरा त्याच्याखालून मींड घेत वर सरकत होता. रॉड सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात, त्यामुळे बाबांच्या गिटारवर हे शक्यच नव्हतं. ती किमया पायातल्या पेडलची. स्टीलवादक बड आयझॅक्सने कंट्री गायक वेब पीअर्सच्या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबलं, ते गाणं 1954 मध्ये गाजलं, आणि मग ज्याला त्याला पेडल हवं झालं.

माझी गिटार सत्तरच्या दशकातली शो-बड प्रो-वन. दहा तारा, तीन पेडलं (ए, बी आणि सी), गुडघ्याने ढकलायच्या चार कळा, आणि पट्टीवर खुणांच्या जागी पत्त्यांतले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी नॅशव्हिलमध्ये ही कंपनी काढली. ब्रॉडवेवरच्या ज्या इमारतीत शो-बडचं दुकान होतं, तिथे आता रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड आहे आणि तिथे आजही स्टील वाजते. नॅशव्हिलला गेलात तर एक संध्याकाळ तिथे घालवा. वाजवणाऱ्याचे हात सगळेच बघतात, तुम्ही त्याच्या गुडघ्यांकडे बघा.

आता कामाचं. कार्यक्रमात जे बिघडतं त्यातलं बहुतेक घरीच बिघडलेलं असतं. म्हणून चार दिवस आधी एक परीक्षा घ्या. एक तार मोकळी छेडा, सूर दाखवणाऱ्या मीटरवर (ट्यूनरवर) बघा. तिचं पेडल दाबा, सोडा, पुन्हा बघा. स्वर पहिल्या जागी परत आला पाहिजे. चढाच राहिला तर कुठेतरी काहीतरी अडकतंय. बहुतेक वेळा दोनच जागा असतात. डावीकडे खुंट्यांजवळ ज्या छोट्या चाकांवरून तारा जातात ती चाकं, नाहीतर उजवीकडचा चेंजर, म्हणजे तार ओढणारी-सोडणारी बोटं. पन्नास वर्षांचं तेल आणि धूळ मिळून तिथे चिकट राळ झालेली असते. लायटरमध्ये भरायचं इंधन थेंबाथेंबाने सोडून ती धुऊन काढा, खाली फडकं धरा, लाकडावर ओघळू देऊ नका आणि जवळपास दिवा-काडी नको. वाळलं की शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त घातलंत तर वर्षभरात पुन्हा तीच राळ.

तारा बदलताना चेंजरच्या बोटांवरून नख फिरवून बघा. तार जिथे वळते तिथे खाच पडलेली असेल तर नवी तारही तिथेच तुटणार. अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने गुळगुळीत करा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, घासण्याचा उत्साह आवरा. आणखी एक बघायचं म्हणजे ओतीव भाग. त्या काळातल्या काही शो-बडमध्ये ठिसूळ मिश्रधातू वापरलेला आहे आणि त्याला केसासारखी चीर जाते. टॉर्च लावून बघा. चीर दिसली तर तो भाग बदलल्याशिवाय बाहेर पडू नका. मी एकदा "एवढी शनिवारची रात्र निघेल" म्हणून निघाले आणि तिसऱ्या गाण्यात बी पेडल पायाखाली लुळं पडलं.

सूर लावण्याबद्दल मात्र सावकाश सांगते, कारण आपल्याकडच्या कानाला इथे फार मोठा फायदा आहे. ई नाइन्थ या दहा तारांच्या नेहमीच्या जुळणीत चौथी आणि आठवी तार ई, पाचवी आणि दहावी बी, तिसरी आणि सहावी जी शार्प. म्हणजे ई हा षड्ज धरला तर बी पंचम आणि जी शार्प गंधार. मीटर जो गंधार दाखवतो तो पियानोचा, आणि स्टीलवर तो चढा वाटतो, खुपतो. तानपुरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो मीटरच्या खुणेपेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो. तोच लावा. चौथ्या तारेबरोबर तिसरी छेडा आणि दोघींमधली थरथर थांबेपर्यंत उतरवा. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. बाबा सकाळी तानपुरा लावताना मी शेजारी बसलेली असायची.

आधी मोकळ्या तारा, डावीकडे खुंट्यांवर, पाय आणि गुडघे पूर्ण सैल सोडून. मग पेडलं. ए पेडलने बीचा सी शार्प होतो आणि बी पेडलने जी शार्पचा ए. हे स्वर उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांवर छोट्या पान्याने लागतात. दोन्ही पेडलं एकत्र दाबली की ए हा नवा षड्ज होतो आणि सी शार्प त्याचा गंधार, म्हणून तोही तसाच 14 सेंट खाली. शेवटी कळांनी उतरणारे स्वर. एक चूक सगळे करतात. नट इतका आवळतात की पेडल न दाबताच तो तार किंचित ओढून धरतो, आणि मग मोकळा स्वर कितीही लावला तरी टिकत नाही. नटाला थोडासा सैलपणा हवाच.

शिवाय जुन्या खोडाची एक खोड. दोन पेडलं दाबली की ताण वाढून लाकूड किंचित वाकतं आणि बाकीच्या तारा थोड्या उतरतात. त्यात दोष काही नाही, वाद्याचा स्वभाव आहे. म्हणून ईच्या तारा मोकळ्या असताना केसभर चढ्या लावा. पेडलं दाबल्यावर त्या केसभर उतरतील, आणि दोन्हीकडे कानाला चालेल अशी जागा सापडेल. ती जागा मीटरवर नसते, एकत्र वाजणाऱ्या स्वरांत (कॉर्डमध्ये) असते, तेव्हा एकेक तार न लावता तीन तारा एकत्र छेडून ऐका.

ह्यूस्टनच्या मुलाचं नेमकं काय झालं होतं? ऑगस्टमधल्या दुपारी गिटार गाडीच्या डिकीत, तिथून थेट गार एसी हॉलमध्ये, आणि लगेच सूर लावला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, लाकूड, तिघांची थंड होण्याची चाल वेगळी. वाद्य माणसांच्या सीटवर ठेवून न्या, हॉलमध्ये पेटी उघडून तिला किमान पाऊण तास बसू द्या, आणि सूर अगदी शेवटी लावा.

जोडणी करताना गिटार पेटीतच पालथी ठेवून पाय आवळायचे, पेडलांची दांडी बसवायची, मग उलटवून उभी करून पेडलांना गिटारशी जोडणाऱ्या सळया अडकवायच्या. प्रत्येक पायाला आणि त्याच्या कोपऱ्याला एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा. पाय बदलला की उंची बदलते, पेडलची खोली बदलते आणि गुडघ्याला कळ जिथे सवयीने सापडायची तिथे सापडत नाही. अंधाऱ्या स्टेजवर ही पट्टी सोन्याच्या मोलाची आहे. गिटार हलली तर तीन पायांवर तोललेली असेल, चौथ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारा.

जुने पिकअप (तारांचा आवाज अँपकडे पाठवणारे भाग) गुणगुणतात. त्यात टेक्सासच्या हॉलमध्ये बिअरच्या निऑन पाट्या. स्टील मागाहून फिरवता येत नाही, तेव्हा पाय आवळून झाल्यावर, अँप चालू करून, अख्खी गिटार थोडी थोडी वळवत गुणगुण सर्वांत कमी कुठे आहे ते शोधा आणि खुर्ची तिथे मांडा. अँप जमिनीवर नको, मागे बाजूला खुर्चीवर, कानाच्या उंचीला. स्वतःला ऐकू न येणारा वाजवणारा चढा जातो, हे मी प्रत्येकाच्या बाबतीत पाहिलं आहे.

वाजताना आवाजाचं पेडल (आवाज कमी-जास्त करणारं, हे त्या तीन पेडलांहून वेगळं) निम्म्यावर ठेवा. उरलेलं निम्मं स्वर विझत जाताना त्याला उचलून धरण्यासाठी आहे. सुरुवातीलाच तळापर्यंत दाबलंत तर लांब स्वराला द्यायला हातात काही उरत नाही. पट्टीकडे बघताना नजर रॉडच्या बरोबर वरून हवी. स्टेजचे दिवे बाजूने आले की रॉडची सावली भलत्याच रेघेवर पडते, तेव्हा पट्टी विसरा आणि बासकडे कान द्या. आणि गायिका गात असेल तेव्हा थांबा. तिने श्वास घेतला की तेवढीच जागा तुमची. एका कडव्यात स्टील, पुढच्यात फिडल, हे गाणं सुरू होण्याआधी डोळ्यांनी ठरवून घ्यायचं.

तिसरी तार तुटणार हे धरूनच चाला. 0.011 इंचाची, सगळ्यांत बारीक, आणि बी पेडल तिला दर गाण्यात ओढतं. मी ती दर कार्यक्रमाआधी बदलते. तरी तुटलीच तर थांबू नका, सहावी तार तोच स्वर एक सप्तक खाली देते आणि बी पेडल तिच्यावरही चालतं. पाच-सहा-आठ या तारांवर गाणं पूर्ण करा. फक्त एक लक्षात ठेवा, एक तार गेली की ताण कमी होऊन बाकीच्या नऊ जरा चढतात, तेव्हा रॉड किंचित मागे घ्या. जास्तीच्या दोन तारा, कात्री आणि पाना माझ्या अँपच्या मागच्या कप्प्यात असतात. वॉल्ट्झ संपून लोक पाणी प्यायला वळतात तेवढ्या दोन मिनिटांत तार चढते.

कार्यक्रम संपला की गप्पांना जाण्याआधी तारा खालून-वरून कोरड्या कपड्याने पुसा. सैल करू नका, ताण तसाच राहू दे. सळया कापडी पट्टीने एकत्र बांधा, नाहीतर पेटीत खडखडत लाकूड ओरखडतात. रॉड आणि नख्या मोजून डबीत. रॉड नेहमी अँपवर राहतो, माझा दोनदा राहिला आहे.