दसरा ते दिवाळी : शाळेतले शेवटचे पंधरा दिवस कसे लावायचे

प्रथम सत्र संपत आलं की जिल्हा परिषदेच्या शाळेत काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीय. संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे पेपर, नोंदी, त्यात पोरांचा धोशा की बाई सहल कधी, कंदील करायचेत, रांगोळ्या काढायच्यात आणि शेवटच्या दिवशी फराळ. हे सगळं शेवटच्या चार दिवसांत कोंबलं की आपण पण थकतो आणि पोरांच्या हाती काही लागत नाही. मी जुन्नर तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी, पट चाळीसच्या आसपास. आम्ही आता हे सगळं एकाच गोष्टीभोवती करतो आणि ती गोष्ट म्हणजे किल्ला. सहल किल्ल्यावर, मातीकाम किल्ल्याचं, तोंडीकाम किल्ल्यापाशी आणि दिवाळी पण तिथंच. तुमच्याकडं जवळ किल्ला नसेल तर धरण, देवराई, कुंभारवाडा, आठवडे बाजार काहीही घ्या, पद्धत तीच राहते.

आधी कॅलेंडर घेऊन बसा. दिवाळी दरवर्षी सरकते, लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, २०२६ ला ८ नोव्हेंबरला, पण दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंतचं अंतर एकोणीस-वीस दिवसांचंच राहतं. त्यातून सुट्टी आधी लागते ते दिवस वजा करा, रविवार वजा करा, पेपरचे दिवस वजा करा, मग खरे हातात किती उरतात ते दिसेल आणि घाबरायला होईल, पण आत्ताच दिसलेलं बरं. दिवाळी ऑक्टोबरात असली तर अजून एक बघायचं, पाऊस. उशिरा आली तर वाटा सुकलेल्या असतात, लवकर आली तर गडावर शेवाळ तसंच असतं आणि सहलीला दोन तारखा हाताशी ठेवाव्या लागतात.

सुरुवात पाटीपूजनापासून करायची. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून आदल्या दिवशी पाटीवर '१' च्या आकड्यांची सरस्वती काढून घ्यायची, पहिलीतल्या पोराला तोपर्यंत एक नक्की येतो, त्यामुळं त्याची पण सरस्वती पूर्ण होते. त्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात "किल्ल्याला किती दिवस राहिले" असं लिहून रोज आकडा खाली आणायचा. वजाबाकी आपोआप होते, कुणाला शिकवावी लागत नाही.

सहल आधी, परीक्षा नंतर

बऱ्याच शाळा सहल बक्षीस म्हणून शेवटी ठेवतात. मला ते पटत नाही. सहलीत बघितलेलं पोरांच्या बोलण्यात, लिहिण्यात, मातीत उतरायला आठवडाभर तरी लागतो, आणि शेवटी गेलं की दुसऱ्या दिवशी सुट्टी, सगळं वाऱ्यावर. म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जायचं. त्यासाठी कागद नवरात्राच्या आधीच हलवायला लागतात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव, प्रत्येक पालकाचं सही असलेलं संमतीपत्र. गाडी एसटीचीच घ्या, प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी ठरवून घेतली की, शैक्षणिक सहलीला अर्ध्या भाड्याची सवलत मिळते, आगारात शाळेचं पत्र आणि पोरांची यादी घेऊन लवकर जायचं कारण या दिवसांत गाड्यांना मागणी असते. दर दहा पोरांमागं एक मोठं माणूस हा आमचा नियम, दोनच शिक्षक आहोत म्हणून पोरांच्याच चौघींच्या आया बरोबर घेतो, आणि त्यांना नुसतं सांभाळायला नाही तर एकेक गट देऊन टाकतो.

आमच्यासाठी गड म्हणजे शिवनेरी, चौथीच्या शिवछत्रपतीच्या पुस्तकात जो आहे तोच. पोरांना सगळी माहिती आधी सांगू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. चार गट करायचे आणि प्रत्येक गटाला एकच चिठ्ठी. पहिल्या गटाला : दरवाजे मोजा आणि एवढे कशाला ते शोधा. पायऱ्यांच्या वाटेनं चढताना एकामागं एक सात दरवाजे लागतात, पोरं बोटं मोडत जातात आणि चौथ्या-पाचव्या दरवाज्याला कुणीतरी ओरडतंच की बाई शत्रू दमलाच असता! ते वाक्य आपण सांगितलं असतं तर फुकट गेलं असतं. दुसऱ्या गटाला : वर एवढी माणसं राहायची तर पाणी कुठून प्यायची? त्यांना गंगा-जमुना टाकी आणि बदामी तलाव सापडतो. तिसऱ्याला : धान्य कुठं ठेवायचे, तिथं अंबरखाना. चौथ्याला माणसं, म्हणजे शिवाई देवीचं देऊळ आणि शिवरायांचा जन्म झाला ती जागा, आजच्या सालातून १६३० वजा करून किती वर्षं झाली ते जागेवरच काढायचं, वहीत नाही, मातीत काडीनं.

आता सांभाळायचं काय ते. साखळीच्या वाटेनं पोरं न्यायची नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी. कडेलोटाच्या बाजूला गट एकत्र ठेवूनच जायचं. शिवनेरीवर मधमाशा पर्यटकांवर उठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, म्हणून वर आरडाओरडा, दगड मारणं, धूर, उग्र वासाचं अत्तर यातलं काही नको, आणि जायच्या आदल्या दिवशी गडावरच्या कर्मचाऱ्यांकडं चौकशी करायची. सकाळी लवकर चढायचं, दुपारच्या आत खाली. आणि आमच्या तालुक्यात बिबट्या आहे हे विसरून चालत नाही, वस्त्यांवरची पोरं उसातल्या वाटांनी घरी जातात, तर गाडी अंधाराच्या बरीच आधी गावात पोचली पाहिजे आणि पालक न्यायला आल्याशिवाय एकही पोर सोडायचं नाही. पाणी, लिंबू-मीठ-साखर, कापूस-पट्टी, उलटीसाठी पिशव्या हे काय वेगळं सांगायला नको.

किल्ला बांधायचा, आणि नोंदी तिथंच घ्यायच्या

सहलीच्या दुसऱ्या दिवशीच कामाला लागायचं. शाळेच्या पटांगणात एक सावलीचा कोपरा, खाली विटा, मोठे दगड, त्यावर जुनी गोणपाटं चिखलात भिजवून पसरायची, म्हणजे डोंगराला उतार नीट येतो आणि माती घसरत नाही. वरून चाळलेली लाल माती. दगड नुसते रचून वर माती टाकली तर दोन दिवसांत भेगा पडतात, गोणपाट विसरू नका. अळीव सुट्टीच्या आधी पाच-सहा दिवस टाकायचे, दोन-तीन दिवसांत कोंब येतात आणि शेवटच्या दिवशी गड हिरवागार. अळीव नसतील तर मोहरी. पाणी हातानं शिंपडायचं, तांब्यानं ओतलं की बी वाहून एका जागी गोळा होतं.

मावळे विकत आणू नका असं मी म्हणत नाही, पण एक तरी मातीचा प्रत्येकाच्या हातचा असू द्या. आमच्या किल्ल्यावर कुणाची म्हैस असते, कुणाचा ट्रॅक्टर असतो आणि राहू देते मी. पण सात दरवाजे, पाण्याची टाकी आणि अंबरखाना गटांनी स्वतः बघून आलेले असतात ते जागच्या जागी आलेच पाहिजेत, तिथं सवलत नाही. ते चुकलं तर आपण बोट दाखवायचं नाही, दुसऱ्या गटाला तपासायला सांगायचं.

आता आपल्या कामाचं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे रोजच्या कामातून होणाऱ्या मूल्यमापनाला, ७० आणि संकलितला ३० असा भार ठेवला, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे लहान पोरांचा मोठा भाग आकारिकचाच, आणि आपण मात्र पेपरच्या टेन्शनमध्ये आकारिकच्या नोंदी शेवटच्या रात्री बसून भरतो, सगळ्यांना तेच "आत्मविश्वासाने बोलतो". किल्ला चालू असताना वही घेऊन बाजूला बसा. कोण टेपनं तटाची लांबी मोजतंय, कोण दुसऱ्याचं ऐकून घेतंय, कुणाला सांगितलेली सूचना कळत नाही पण बघून बरोबर करतो. प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, तोंडीकाम, दैनंदिन निरीक्षण ही साधनतंत्रं सगळी इथं आयती मिळतात. दिवसाला आठ पोरं धरली तर पाच दिवसांत चाळीस होतात आणि प्रत्येकाच्या पुढं त्याचीच नोंद येते, शेजारच्याची नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वाचनात खूप मागं, वर्गात तोंड उघडायचा नाही, त्यानं त्या वर्षी तटाला पाणी जायला चर काढला आणि का काढला ते सगळ्यांना उभं राहून सांगितलं. ते मी प्रगतिपुस्तकात जसंच्या तसं लिहिलं आणि त्याच्या आईला वाचून दाखवलं.

संकलितच्या पेपरांच्या दिवसांत किल्ल्याचं काम बंद नका करू. पेपर झाल्यावर अर्धा तास पाणी मारायला, दरवाजा नीट करायला सोडा, पोरं ताजीतवानी होतात.

कंदील थोडक्यात : चौथीचा एक आणि पहिलीचा एक अशी जोडी लावा, घोटीव कागद, बांबूच्या काड्या, डिंकाऐवजी कणकेची खळ, शेपट्या पहिलीवाल्यांनी कापायच्या. पणत्या गावातल्या कुंभाराकडूनच घ्या आणि आणायला पोरांना घेऊन जा. फटाके नको यावर मोठं भाषण करू नका, आमच्या पोरांनी गावात वासरं-कुत्री घाबरतात म्हणून स्वतः चिठ्ठ्या लिहून घरोघर दिल्या, तेवढं पुरलं.

फराळ घरून मागवू नका

हे मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. पूर्वी मी शेवटच्या दिवशी सगळ्यांना डब्यात फराळ आणायला सांगायचे. एका वर्षी तिसरीतली एक मुलगी, कधी शाळा न बुडवणारी, नेमकी त्या दिवशी आली नाही. संध्याकाळी घरी गेले तर कळलं, मजुरीचे पैसे अजून मिळाले नव्हते, घरात काही केलंच नव्हतं, आणि रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून ती दिवसभर घरातच बसून होती. मी सांगितलेल्या डब्यानं तिचा सण हुकला. तेव्हापासून एकाही पोराला घरून काही आणायला सांगत नाही, चिवडा शाळेतच करतो.

चाळीस पोरांना दोन किलो पातळ पोहे पुरतात, माणशी पन्नास ग्रॅम, हे गणित चौथीला आधीच घालायचं. शेंगदाणे चारशे ग्रॅम, डाळं तीनशे, सुक्या खोबऱ्याचे काप दोनशे, तेल साधारण अर्धा लिटर, कढीपत्ता, मिरची थोडी, हळद, मीठ, पिठीसाखर. पोहे आदल्या दिवशी उन्हात घालायचे, निवडायचं काम पहिली-दुसरीचं, वजन करायचं तिसरीचं, दुकानातून आणून हिशेब लिहायचा चौथीचा. गॅसजवळ फक्त पोषण आहाराच्या ताई आणि मी, फोडणीच्या वेळी पोरं रेघेच्या पलीकडं. पोहे मंद आचेवर कुरकुरीत करून मगच फोडणीत घाला, नाहीतर चिवडा मऊ पडतो. खर्च आम्ही दोघं शिक्षक आणि समितीचे अध्यक्ष वाटून घेतो, वर्गणी काढत नाही, कारण वर्गणीची यादी झाली की त्यात न दिलेल्यांची पण यादी होते.

शेवटच्या दिवशी पालकांना दुपारी तीनला बोलवायचं. निकाल सांगायच्या आधी त्यांना किल्ल्यापाशी न्यायचं आणि गाईड पोरं होतील, आपण मागं उभं राहायचं. चारही गट आपापला भाग सांगतात, पहिलीतलं पोर फक्त "हा माझा मावळा" एवढंच म्हणतं आणि तेवढं त्याचं तोंडीकाम झालं. मग कंदील लावायचा, पणत्या पोरींनी आणि पोरांनी दोघांनी लावायच्या, चिवडा कागदाच्या पुड्यांत, पुडीवर नाव नाही, सगळ्यांची सारखी. प्रगतिपुस्तक देताना प्रत्येक पालकाशी दोन मिनिटं बसा, आधी पोराला काय येतं ते सांगा.

सुट्टीचा अभ्यास म्हणून वह्या भरायला देऊ नका. रोज एक ओळ, आज काय बघितलं, बस. आणि किल्ला मोडू नका. शाळेजवळ राहणाऱ्या पोरांची पाणी मारायची पाळी ठरवून यादी फाटकाला लावून ठेवा, एका दिवसाला दोघं, तांब्या नळाखाली, पाणी हातानं शिंपडायचं.