वस्तीतल्या मुलांसोबत मोबाईलवर फिल्म: आधी आवाज सांभाळा

नागपुरात मे महिन्यात कार्यशाळा घ्यायची तर सकाळी सात ते दहा हीच वेळ ठेवा. इंदोरा असो की गड्डीगोदाम, वस्तीतलं विहार किंवा समाजभवन मागून घ्या. दुपारच्या उन्हात फोन तापतो आणि रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं.

चौघांचा गट, एक फोन, तीन मिनिटांची फिल्म. एक कॅमेरा धरेल, एक आवाज ऐकेल, एक प्रश्न विचारेल, एक नोंदी ठेवेल. कामं रोज बदलायचीच. नाहीतर ज्याचा फोन तोच कॅमेरामन होतो आणि मुलींच्या हाती नुसती वही राहते.

चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, पण बोलणं कळलं नाही तर उठून जातात. म्हणून पहिला खर्च कॉलर माईकवर करा. तो हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, ओढणी घासणार नाही असा. माईक फोनला जोडणारे टाईप-सी अडॅप्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत, तेव्हा विकत घेतानाच लावून बघा. माईक जोडला तरी बरेच फोन स्वतःचाच माईक वापरतात. रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माईकवर नखाने हलकेच टिकटिक करा आणि हेडफोनने ऐका. टिकटिक दूरून आल्यासारखी वाटली तर ‘ओपन कॅमेरा’ नावाच्या अ‍ॅपमध्ये बाहेरचा माईक निवडा.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कूलर. त्याची घरघर एडिटिंगमध्ये काढायला गेलं की माणसाचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कूलर पाच मिनिटं बंद, दोन प्रश्न, पुन्हा सुरू, असं तुकड्यांत बोलतं करा. आजीबाईंना उकाड्यात ताटकळत बसवू नका.

ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (प्रत्येक चित्रावर उजेड पडायची वेळ) १/५० सेकंद करा; आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फुल एचडीचं एक मिनिट साधारण १३० एमबी खातं, म्हणून निदान ८ जीबी जागा आधीच मोकळी करा. शूटिंगच्या वेळी फोन फ्लाईट मोडवर. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच, नाहीतर दर्जा घसरतो.

एडिटिंगला केडेनलाईव्ह हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कॉम्प्युटर जुना असेल तर त्यात प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रतींवर काम करायची सोय, चालू करा. सबटायटलमधली जोडाक्षरं तुटलेली दिसली तर फॉन्ट बदला.

अठरा वर्षांखालील मुलं फिल्ममध्ये दिसणार असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या. फिल्म आधी वस्तीतच, अंधार पडल्यावर, भिंतीवर दाखवा. जे बोललेत त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर ते काढा, मगच यूट्यूबवर टाका.