विलीचं खोटं, लिंडाची पेन्सिल

आर्थर मिलरचं नाटक ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) बसवताना सगळा घाम विली लोमन या फिरत्या विक्रेत्याच्या भूमिकेवर गाळला जातो आणि त्याची बायको लिंडा हिच्या वाट्याला पाठांतर येतं. पण त्या घरातलं खोटं टिकतं ते ऐकून घेणाऱ्यांमुळे. तालीम तिच्यापासून सुरू करा.

वाचन झालं की, कुणालाही उभं करण्याआधी एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. एका बाजूला विली, लिंडा आणि त्यांचे मुलगे बिफ, हॅपी. दुसऱ्या बाजूला प्रवेश. प्रत्येक चौकोनात लिहा, याला आत्ता काय माहीत आहे आणि काय माहीत नसल्यासारखं तो वागतो. विली शेजारच्या चार्लीकडून आठवड्याला ५० डॉलर उसने घेतो आणि पगार म्हणून घरी आणतो. लिंडाला ते कळलेलं आहे. तिला कळलंय हे मात्र विलीच्या गावीही नाही. विलीचं जिच्याशी लफडं होतं ती बॉस्टनची बाई बिफने पाहिली, लिंडाला ती कधीच कळत नाही. एवढं पक्कं नसेल तर सगळं कुटुंब एकाच सुरात दुःखी दिसतं.

मग पहिल्या अंकातला कमिशनचा प्रवेश घ्या. प्रॉव्हिडन्समध्ये ५०० आणि बॉस्टनमध्ये ७०० ची विक्री केली, असं विली सांगतो. लिंडा एप्रनच्या खिशातून कागद-पेन्सिल काढते, कमिशन निघतं २१२ डॉलर. तिथून आकडा घसरत घसरत अख्ख्या फेरीचे २०० वर येतो आणि कमिशन ७० डॉलर नि काही सेंटवर. नट हमखास पहिल्याच आकड्याला अपराधी चेहरा करतो. मग खाली यायला पायऱ्याच उरत नाहीत. ५०० म्हणताना विलीचा त्यावर विश्वास हवा.

लिंडाने खरंच हिशेब लिहावा, आणि आकडा उतरत असताना नजर कागदावरच ठेवावी. तिने मान वर केली की उलटतपासणी सुरू होते. पुढची देणी (फ्रिजचे १६, वॉशिंग मशीनचे ९.६०, छपराचे २१) तिने वाण्याच्या यादीसारखी वाचावीत. मघाशी जगात भारी असलेली शेव्हरोले कार्ब्युरेटरचं बिल निघताच कुचकामी ठरते. दोन्ही मतं सारख्याच ठामपणे. प्रेक्षक हसले तर हसू द्या.

हा प्रवेश विलीच्या आठवणीतला आहे. संहितेप्रमाणे वर्तमानात पात्रं दारातूनच येतात, भूतकाळात भिंतीतून आरपार चालतात. भिंतींच्या रेषा पहिल्या दिवसापासून चिकटपट्टीने जमिनीवर आखा.

प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू, तीही तेव्हापासूनच हातात द्या. विलीने गॅसने जीव द्यायला लपवलेली रबरी नळी लिंडा रोज काढून घेते आणि विली घरी आला की जागेवर ठेवते. बिफ ती टेबलावर आपटेपर्यंत विलीसमोर तिचं नाव निघत नाही. लिंडाच्या स्टॉकिंगला खरं भोक पाडा आणि शिवताना ते उजेडात धरायला सांगा; नवे स्टॉकिंग विलीने बॉस्टनच्या बाईला दिलेत. प्रेक्षकांना ते दिसलंच नाही, तर विली उगाच चिडल्यासारखा वाटतो.

हॅपीकडे फार दुर्लक्ष होतं. रेस्टॉरंटमध्ये तो बिफला, ऑलिव्हरने (बिफचा जुना मालक) उद्या जेवायला बोलावलंय असं खोटंच बाबांना सांग, म्हणतो. हे खलनायकी नको. पाणी ओतून दिल्यासारखं सहज.

शेवटी बिफ रडतो आणि विली हरखतो. तो आनंद शंभर टक्के खरा असू द्या, पण मागे समेटाचं संगीत लावू नका: बिफ आत्ता जे बोलला (मी कुणी मोठा नाही, ते खोटं स्वप्न सोडा), त्यातलं विलीच्या कानात काहीच शिरलेलं नाही.