रविवारच्या लिनक्स मदतवर्गाआधी

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून देणारा वर्ग भरवायचा, तर सगळ्यात आधी निरोप नीट लिहा. 'जुना लॅपटॉप आणा, लिनक्स टाकून देऊ' एवढंच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की चार्जर घरी राहतो, पासवर्ड फक्त नातवाला माहीत असतो आणि नातू बंगळुरूला. चार्जर, पासवर्ड, फोटो आणि कागदपत्रं उतरवायला मोकळी हार्ड डिस्क, आणि त्या यंत्रावर रोज काय काय करता याच्या चार ओळी, असं स्पष्ट मागा. या चार ओळी सोन्याच्या असतात. विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीची बहुतेक यंत्रं त्यात बसत नाहीत. त्यामुळे बरेच जण धास्तावून येतील आणि तुम्ही म्हणाल त्याला मान डोलावतील. नाही म्हणायचं काम आपलंच. टॅलीत दुकानाचा हिशेब असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून रिटर्न भरले जात असतील, तर त्या यंत्राला हात लावू नका. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर बिनधास्त पुढे व्हा, कारण त्यांचं सगळं ब्राउझरमध्येच चालतं.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, एकच ठरवा. मी लिनक्स मिंट देतो. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि खालच्या कोपऱ्यातला मेनू बघून विंडोजवाल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. यावर मदतीला येणारी पोरं वाद घालतील, घालू द्या. पण मंगळवारी फोन आला तर तो उचलणाऱ्या कोणालाही उत्तर देता आलं पाहिजे, आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं टाकून दिलं की ते जमत नाही. आर्चसारखं जाणकारांचं लिनक्स घरी ठेवावं.

मिंट बसवायची आयएसओ फाइल ३ जीबीच्या आसपास असते. ती शनिवारी घरीच उतरवा, चेकसम पडताळा (फाइल अर्धवट किंवा बिघडलेली उतरली नाही ना, हे त्या आकड्यावरून कळतं) आणि ८ जीबीचे चार पेनड्राइव्ह तयार ठेवा. हॉलच्या वायफायवर भरवसा नको. एक्स्टेंशन बोर्ड, एक-दोन माऊस आणि लॅनची वायर घ्या. फोनची यूएसबी वायर विसरू नका, कारण काही लॅपटॉपचं वायफाय ड्रायव्हर मिळेपर्यंत उठतच नाही आणि तेव्हा अँड्रॉइड फोनचं नेट वायरने देता येतं. रविवारी हॉल मिळाला नाही तर दुसरा कुठलाही वार घ्या, फक्त पुण्यात असाल तर गुरुवार नको. वीज जायचा वार तो.

आता बॅकअप. एकदा एका काकांचा 'फोटो' नावाचा फोल्डर मी कॉपी केला, सगळी डिस्क पुसली, मिंट टाकलं. फोल्डरात नुसते शॉर्टकट होते. खरे फोटो डी ड्राइव्हवर होते, मुलीच्या लग्नाचे. तेव्हापासून कॉपी झाल्यावर मालकाला दुसऱ्या यंत्रावर आठ-दहा फोटो उघडून दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही, मग मागे कितीही रांग असो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेलं कुलूप, चालू आहे का तेही आधी बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाती आल्याशिवाय बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, काही बदलू नका. मिंटच्या जोडीला विंडोजही ठेवायचंच असेल तर त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटमधून त्या फायली नुसत्या बघता येतात, त्यात काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून आवाज, कॅमेरा, वायफाय तपासा, आणि झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र जागं होतं का तेही. प्रिंटरचं मॉडेल आधीच विचारून ठेवा. एचपीचे बहुतेक सुरळीत चालतात, पण कॅप्ट ड्रायव्हर मागणारा कॅननचा जुना लेझर असेल तर त्याच्यापायी अख्खी दुपार जाते.

मराठीची तयारी मात्र कोणी करत नाही, आणि नेमकी तिथेच अब्रू जाते. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आणि रोमन अक्षरांतून मराठी टंकायची सोय, दोन्ही स्वतःच्या यंत्रावर बसवून हात साफ करा. मिंटमधल्या लिबरऑफिस या ऑफिस संचात भाषांच्या पर्यायांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा, मुक्तासारखा फॉन्ट टाका, आणि 'दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, बॅट, ॲप' असं टंकून बघा. ऱ्य नीट उमटला की निम्मी काळजी मिटली. सोसायटीची दहा-वीस वर्षांची इतिवृत्तं बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत असतात. तिथे इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की 'लग्नपत्रिका' उघडून नुसती इंग्रजी खिचडी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं हातानेच तपासावी लागतात. म्हणून विंडोज जागेवर आहे तोवर अशा फायलींचे पीडीएफ काढून घ्या, बदलायचं काम सवडीने करता येईल.

माणसं किती हवीत? दोन लॅपटॉपमागे एक. पुण्यात प्लगची, म्हणजे पुणे ग्नू-लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी हे काम जुन्या काळापासून करत आलीत, आणि ग्नूनिफाय या पुण्यातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळ्यांत हात बसलेले लोक आजही गावात आहेत. त्यांतला एखादा तरी गाठा. बाकी कॉलेजची पोरं चालतील. त्यांना एवढंच बजावा की माऊस मालकाच्या हातात राहील. भराभर टर्मिनल उघडून, आज्ञा टंकून काम उरकलं, की समोरच्या काकू 'वा, हुशार आहेस हो' म्हणतात आणि घरी जाऊन लॅपटॉप कपाटात ठेवतात.

दुसऱ्या दिवशीचे फोन साधारण ठरलेले असतात. सी ड्राइव्ह कुठे गेला? विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे का? लिनक्सने यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लावलेली असते आणि विंडोज ती स्थानिक वेळ समजतं, म्हणून. मिंटमध्ये एक आज्ञा देऊन ते सुटतं, ती रविवारीच देऊन टाका. महिनाभर फोन कोण घेणार याच्या पाळ्या लावा, नाहीतर सगळे फोन एकाच सोशिक माणसाला जातात आणि तो पुढच्या वेळी येत नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियलचे लिबरऑफिसवरचे मराठी धडे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी दाखवता येतील.

आणि चिठ्ठ्या छापून घ्या. लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या, ठळक टाइपात: कोणती आवृत्ती टाकली, फोटो कुठे ठेवलेत, फोन कुणाला करायचा, पुढची बैठक कधी. पासवर्ड त्यावर लिहू नका. काकू तो स्वतःच लिहितील, तेव्हा निदान बघायचं नाही.