आर्टिकल क्लार्क निवडताना

मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर आजही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते आणि सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करावी लागते. ती करणारा तो आर्टिकल क्लार्क. म्हणजे आज निवडलेलं पोर तीन वर्षं आपल्यासमोर बसणार, आपल्या पक्षकारांची मूळ कागदपत्रं हाताळणार. फोर्टातल्या आमच्या लहानशा ऑफिसात मी बरीच वर्षं ही निवड करते आहे. काम मुख्यतः जमिनीचं आणि टायटलचं, म्हणजे मालकी हक्क तपासण्याचं. सुरुवातीला मी मार्कशीट आणि इंग्रजी बघून मुलं घेतली. त्यातला एक हुशार मुलगा आठ महिन्यांत सोडून गेला. चूक माझी होती. त्याला काय काम करावं लागेल, हे मी त्याला दाखवलंच नव्हतं.

आता मुलाखतीआधी दीड तास एक फाइल देते. तीत एक खरेदीखत, सातबारा आणि दोन फेरफार (हक्कातल्या बदलाच्या नोंदी), सगळं मराठीत. नावं आणि गट नंबर बदललेले असतात. सांगते एवढंच, 'आपला पक्षकार ही जमीन घेतोय. तुला काय विचारावंसं वाटतं ते लिही.' कायद्याची कलमं विचारत नाही, ती पुस्तकात सापडतात.

फाइलमध्ये दोन गोष्टी पेरलेल्या असतात. पहिली सोपी आहे. खरेदीखतात क्षेत्र 1 एकर 10 गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. 50 गुंठे म्हणजे साधारण 50.6 आर, पण सातबाऱ्यावर 46 आरच दिसतात. मोबाइलवर हिशेब केला तरी चालतो, फक्त तो करावासा वाटला पाहिजे.

दुसरी गोष्ट खरी कसोटीची. वडील वारल्यावर वारसांच्या फेरफारात आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. खरेदीखतावर सह्या आई आणि मुलग्यांच्या. मुलीचं नाव सातबाऱ्यावर कब्जेदारांत नाही, इतर अधिकारांच्या रकान्यात बारीक अक्षरांत आहे, जसं आपल्याकडे कितीतरी सातबाऱ्यांवर असतं. गेल्या वर्षी डोंबिवलीहून आलेल्या एका मुलीने अर्ध्या तासात फेरफारावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ह्यांची बहीण कुठे गेली? हक्कसोडपत्र झालंय का? नोंदवलेलं आहे का?" तिला प्रथम वर्ग नव्हता. मी तिला त्याच दिवशी घेतलं. बऱ्याच जणांचं उत्तर असतं, 'लग्न झालं असेल तिचं.' अशांनाही लगेच बाद करू नका. लग्नाने हिस्सा जात नाही, हे समजावून सांगा आणि ते लिहून घेतात का, पुन्हा फेरफार उघडतात का, ते बघा.

पुढची पायरी इंटर्नशिपची. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे शैक्षणिक वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप होत नाही, तेवढी आपल्याला पुरते. एक आठवडा जुन्या नोंदी शोधणाऱ्या सर्च क्लार्कबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पाठवा. तीस वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूची, चाळताना कंटाळा येतोच. कंटाळा आल्यावर मधलं एखादं वर्ष गाळतो की 'या वर्षाचं रजिस्टर मिळालं नाही' असं स्पष्ट लिहितो, हे मला कळायला हवं असतं. आणि आपल्या सर्च क्लार्कला विचारा, पोर तुमच्याशी कसं बोललं. त्यांचं मत मी सहसा डावलत नाही.

स्टायपेंडचा आकडा पहिल्याच भेटीत सांगा. शहरातल्या ज्युनियर वकिलांना महिना 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये केली. आर्टिकल क्लार्क अजून सनदधारक नसला, तरी त्याचं लोकलचं भाडं आणि जेवण तेच असतं. 'शिकायला मिळतंय ना' म्हणून फुकट राबवून घेतलं, की ज्यांच्या घरून पैसे येतात तेवढीच मुलं आपल्याकडे उरतात आणि डोंबिवलीची ती मुलगी येतच नाही.

परीक्षेची रजा, संध्याकाळी सुटायची वेळ आणि कोणत्या सॉलिसिटरकडे शिकायचं त्याचं नाव, हे पत्रात लेखी द्या. लग्न कधी करणार, हा प्रश्न कुठल्याही मुलीला विचारू नका. ज्यांना घेतलं नाही त्यांना त्याच आठवड्यात फोन करा आणि फाइलमधलं काय सुटलं ते सांगा. यंदा आलेला एक मुलगा गेल्या वर्षीचाच होता. या वेळी त्याने आधी इतर अधिकारांचा रकाना वाचला.