देश बदलला आणि ऑथेंटिकेटरचा कोड चालेना – माझा अनुभव

नोकऱ्या सोडून आम्ही दोघं आणि दोन पोरं जगभर फिरतोय, त्यामुळे बँक, ईमेल, बुकिंग सगळं एकाच फोनवर. तिसऱ्या देशात उतरलो आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा (लॉगिन करताना पासवर्डनंतर टाकायचा कोड देणारं अ‍ॅप) सहा आकडी कोड टाकला की 'कोड चुकीचा'. पासवर्ड बरोबर, नेट चालू, तरी तेच.

नवा कोड येईपर्यंत थांबून बघितलं, वायफाय बदललं, फोन बंद-चालू केला, शून्य फरक. खोलीचे पैसे भरायचे आणि स्वतःच्याच खात्यात शिरता येईना, डोकं फिरलं. अ‍ॅप काढून परत टाकणार होतो, बायकोने अडवलं म्हणून वाचलो, बॅकअप नसेल तर सगळी खाती अडकतात.

झालं असं की विमानातून उतरल्यावर लेकीने फोनच्या घड्याळाचे आकडे हाताने साडेतीन तास पुढे सरकवलेले, टाइमझोन मात्र जुनाच. हा कोड १ जानेवारी १९७० पासूनचे यूटीसी (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) सेकंद मोजून दर ३० सेकंदांनी बनतो, त्यामुळे झोन बदलला तर काही होत नाही पण आकडे सरकवले की फोनची यूटीसीच चुकते.

मग सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ उघडली, आधी 'आपोआप वेळ' चालू केलं, मग 'आपोआप टाइमझोन'. सिमकार्डला नेटवर्क नव्हतं म्हणून झोन चुकीचाच आला, तेव्हा फक्त झोनचं आपोआप बंद करून शहर हाताने निवडलं, वेळेला हात लावला नाही. अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडलं, चालू कोड संपू दिला, पुढचा टाकला. पहिल्याच फटक्यात लॉगिन! पोरांच्या टॅबलेटवरही तेच निस्तरलं.